साडूंच्या बंदुकीचा उजेड

सुरत शहरात उजेडाचा आमच्या साडूंइतका विचार दुसऱ्या कुणी केला असेल, तर तो फक्त सूर्याने. आणि त्यालाही संध्याकाळी सुट्टी असते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या एका मिलमध्ये ते डाइंग मास्टर आहेत. व्यापारी बोटभर चिंधी पाठवतो आणि साडू त्या चिंधीबरहुकूम ताग्यांचे ढीग रंगवून देतात. ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असल्यामुळे परक्या उजेडावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या पत्नीसाठी, साडी घ्यायची तर ते दुकानातला शालू उचलून सरळ रस्त्यावर उन्हात नेतात आणि मागून दुकानदार अनवाणी धावत येतो. उधन्याच्या बाजारात भाजीवाल्यांनी लावलेल्या हिरवट दिव्यांचा तर त्यांना इतका राग की ते पिशवीबरोबर स्वतःची बॅटरी घेऊन जातात आणि प्रत्येक वांग्याची वेगळी चौकशी करतात. भाजीवाल्या त्यांना दुरून येताना पाहिलं की आपापसांत ‘इन्कम टॅक्स आला’ म्हणतात. हे साडूंना माहीत आहे, आणि ते त्यांना मनातून आवडतं.

अशा माणसाकडे बंदूक असावी हे कुणाला खरं वाटत नाही, पण आहे. तळोद्याकडे त्यांचं गाव आहे. वडिलांनी शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी एकनळी बंदूक घेतली होती. वडील गेल्यावर रीतसर परवाना साडूंच्या नावावर झाला. बंदूक गावी लोखंडी कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सुरतेत साडूंच्या करदोड्याला. या बंदुकीने साडूंच्या हातून आजवर टिपलेली एकमेव वस्तू म्हणजे शेजाऱ्याची पाण्याची टाकी, तीही बंदूक साफ करताना. तरी गावात त्यांच्या घराला अजून ‘बंदूकवाल्यांचं घर’ म्हणतात आणि लग्नपत्रिकाही त्याच नावाने येतात.

एका पावसाळ्याच्या शेवटी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. उसात बिबट्या आला होता. आधी शेळ्या गेल्या, मग गोठ्यातलं वासरू गेलं, आणि आता संध्याकाळी पंप चालू करायला जायची कुणाची छाती होत नव्हती. भाऊ वैतागून म्हणाला, “दादा, बंदूक आठे, किल्ली तठे. बिबट्याले काय कपाट दखाडू?” हे वाक्य साडूंना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी ते माझ्या घरी आले. मी मराठी शाळेत शिक्षक, त्यामुळे कायद्याची बाजू मांडणं मला भाग होतं. बिबट्याला मारता येत नाही, हा मोठा गुन्हा आहे, असं मी सांगू लागलो, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

“गुरुजी, मारायला कोण निघालंय? बार हवेतच काढायचा. पण तो काढण्याआधी समोर कोण आहे ते दिसायला नको? उसात माणसं असतात, ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं असतात. आधी ओळख, मग आवाज.”

त्यांच्या वडिलांच्या काळी बंदुकीच्या नळीला फडक्याने बॅटरी बांधत. दोन्ही हात बंदुकीला लागत असल्यामुळे उजेड बंदुकीवरच हवा, हे साडूंना मान्य होतं. फडकं मात्र मान्य नव्हतं. तेव्हा बंदुकीवर बसवायचा दिवा निवडायचा असं ठरलं, आणि आमच्या दोन्ही घरांची शांतता संपली. स्टेशनजवळच्या बॅटरीवाल्यांच्या गल्लीत ते रोज संध्याकाळी जाऊ लागले. एका दुकानदाराने गुजरातीत त्यांना हिरव्या दिव्याची थोरवी सांगितली, की जनावराला तो दिसतच नाही. साडूंनी विचारलं, की जनावराला दिसेना का, पण मला जनावर दिसेल का? हिरव्या उजेडात वाळलेलं पाचट आणि बिबट्याची पाठ एकाच रंगाची दिसणार, असं त्यांचं म्हणणं. तांबड्या उजेडात पिवळं आणि पांढरं वेगळं कळत नाही. निळसर पांढरा लांब जातो, पण धुक्यात भिंत होऊन समोर उभा राहतो. दुकानदाराने शेवटी त्यांना स्टूल दिलं आणि इतर गिऱ्हाइकांना तो साडूंकडेच पाठवू लागला.

बोलण्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण साडू नमुना पास केल्याशिवाय माल उचलत नाहीत. बिबट्याचा नमुना सुरतेत मिळायला काय अडचण? पर्वत पाटिया भागातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी बिबट्याच्या ठिपक्यांचं छापील पॉलिस्टर आणलं, आणि एका रविवारी दुपारी, मिल बंद असताना, मालकांची परवानगी घेऊन मला कोऱ्या कापडाच्या अंधाऱ्या गोदामात नेलं. ते पॉलिस्टर अंगावर घेऊन मी ताग्यांच्या थप्पीमागे ओणवा बसलो. साडू पलीकडच्या टोकाला उभे. बंदूक गावी असल्यामुळे त्यांच्या हातात नळाचा प्लॅस्टिकचा पाइप होता आणि त्यावर दिवे आळीपाळीने चढत होते. मध्येच ते हुकूम करत, की गुरुजी, जरा चालून दाखवा. नाही, इतकं शिक्षकासारखं नको. मी चार पायांवर थप्पीभोवती फिरत असताना दार उघडलं आणि मराठवाड्याकडचा वॉचमन आत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं, आणि अतिशय अदबीने विचारलं, “मास्टर, चहा दोन सांगू का तीन?”

त्यानंतर धक्क्याची परीक्षा. बार उडाल्यावर बंदूक मागे झटका देते, त्यात दिवा निखळता कामा नये. यासाठी साडूंनी दिवे स्कूटरच्या पायदानाला आवळून बांधले आणि उधन्याचे सगळे खड्डे आणि गतिरोधक पालथे घातले. काही दिवे पहिल्याच फेरीत विझले. एक चालू राहिला तो असा, की भर दुपारी मागचे लोक ओरडून सांगत होते, काका, खाली लाइट जळतोय. तोच पुढे पसंत पडला: किंचित पिवळसर पांढरा, मध्ये ठळक आणि कडेला मऊ पसरणारा. बटण डाव्या अंगठ्याखाली यावं आणि त्याचा टक असा आवाज होऊ नये म्हणून उधन्यातल्या एका लेथवाल्याकडून त्यांनी मुद्दाम पट्टी बनवून घेतली आणि तिला आतून रबर लावलं. ज्या दिवशी ती पट्टी आली, त्या दिवशी साडूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. शेवभाजी वाढता वाढता आक्का माझ्या बायकोला म्हणाल्या, “मला बघायला आले होते ना, तेव्हा चहा गार व्हायच्या आत होकार दिला होता यांनी. बॅटरीचं नशीब मोठं.” साडू ताटात बघून म्हणाले, की तेव्हा दिवस होता, ऊन चांगलं होतं, शंकेला जागाच नव्हती. आक्कांनी न विचारता त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

दिवाळीत मिल बंद झाली आणि अर्धी सुरत आपापल्या गावी निघाली तेव्हा आम्हीही नंदुरबारच्या गाडीत बसलो. दिवा साडूंच्या मांडीवर, स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेला होता. गावात पोचलो तर वातावरण निराळंच. आदल्याच दिवशी साडूंचा चुलतभाऊ पंप चालू करायला गेला असताना बिबट्याने त्याच्या दंडावर पंजा मारला होता. जखम खोल होती. तालुक्याच्या दवाखान्यात टाके घालून त्याला घरी आणलं होतं, आणि गाव पेटलं होतं. वनखात्याचा एक तरुण गार्ड सगळ्यांना हात जोडत होता की पिंजरा उद्या सकाळी येतोय, आजचा दिवस कळ काढा. कुणी ऐकेना. बेत ठरला होता: उसाला तीन बाजूंनी आग लावायची आणि चौथ्या, नाल्याकडच्या बाजूला बंदूक उभी करायची. बंदूक गावात एकच होती, आणि तिचा मालक नुकताच गाडीतून उतरला होता.

साडू घरात गेले, करदोड्याची किल्ली काढली, बंदूक बाहेर घेऊन तिच्यावर दिवा चढवला. मला वाटलं, आता हे नाही म्हणतील. पण ते निघाले. एवढंच म्हणाले, की मी आधी बघतो. मी सांगेपर्यंत कुणी काडी ओढायची नाही. दिवस मावळून गेला होता. नाल्याकडच्या बांधावर साडू पुढे, त्यांच्या मागे तो गार्ड, त्याच्या मागे मी, आणि आमच्या पाठीशी काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचा डबा घेतलेलं निम्मं गाव. रॉकेलचा डबा चुलतभावाच्या थोरल्या भावाच्या हातात होता. त्याचा राग मला समजत होता. त्याच्या सदऱ्यावर अजून भावाचं रक्त वाळलेलं होतं.

साडूंनी अंगठा दाबला. आवाज झाला नाही. उजेड उसाच्या कडेने सरकत गेला आणि एका जागी थांबला. पाचटाच्या खोलगट जागेत मादी बसली होती. पिवळी पाठ, पांढरा गळा, एकेक ठिपका सुटा दिसत होता. ती पळाली नाही. मान खाली घालून आमच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या पुढच्या पायांपाशी काहीतरी वळवळलं. मांजरीएवढी दोन पिल्लं. एक उजेडाकडे तोंड करून निघालं, तेव्हा तिने त्याला पंजाने ओढून पोटाखाली घेतलं.

मागे असलेल्यांना पिल्लं दिसत नव्हती. त्यांना फक्त डोळे चमकताना दिसले. “मास्टर, चालव,” चुलतभावाचा भाऊ म्हणाला. मग आणखी दोघं-तिघं म्हणाले. साडू निशाण धरल्यासारखे उभे होते. आणि मग त्यांनी दिवा बंद केला.

तो अंधार मी विसरणार नाही. समोर हातभर अंतरावरचं दिसेना, आणि बंदुकीतून काडतूस काढून खिशात टाकल्याचा आवाज तेवढा आला. साडू वळले आणि साध्या, मिलमध्ये शिफ्टला सूचना द्यावी तशा आवाजात म्हणाले, “बाळंतीण शे ती. दोन पिलं शेतस पायशी. आग लावानी नही.”

गलका झाला. आमच्या माणसाचं काय, असं कुणी विचारलं, आणि ते विचारणं चूक नव्हतं. साडू बांधावर खाली बसले, उसाला पाठ करून, बिबट्याकडे पाठ करून. म्हणाले, की लावायची तर मी इथे बसलेलो असताना लावा. त्यांच्या शेजारी तो गार्ड बसला. मग मीही बसलो. तेवढ्यात गर्दीतून चुलतभावाची आई पुढे आली. दिवसभर लेकाच्या उशाशी बसून थकलेली म्हातारी. तिने थोरल्या लेकाच्या हातातला रॉकेलचा डबा काढून घेतला आणि म्हणाली, “बाळंतीणना आंगवर आग टाकतस का कोनी? चाला घर.” तिच्यापुढे बोलायचा हक्क तिथे कुणालाच नव्हता. माणसं एकेक करून परतली.

सकाळी पिंजरा आला तेव्हा ऊस रिकामा होता. नाल्याच्या ओल्या वाळूत गार्डने आम्हाला माग दाखवले. पंजे नाला ओलांडून डोंगराकडे गेले होते, आणि परत आले होते, आणि पुन्हा गेले होते. तोंडात एकेक पिल्लू धरून तिने दोन खेपा केल्या होत्या. साडू त्या मागांकडे वाकून कितीतरी वेळ बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. आपण या माणसाच्या नात्यात आहोत, याचा इतका अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. चुलतभाऊ त्यांच्याशी बोलेना. त्याच्या दंडाची जखम चिघळू लागली, तेव्हा साडूंनी त्याला विचारलंच नाही, सरळ गाडीत घालून सुरतेला आणलं. मोठ्या दवाखान्यात उपचार केले आणि बरं होईपर्यंत आपल्या उधन्याच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. आक्का त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा करून घालत. साडू ड्यूटीवरून आले की त्याला खिडकीशी बसवून दिवसाच्या उजेडात जखमेचा रंग बघत आणि कालच्यापेक्षा तांबूसपणा उतरला की नाही, याचा निकाल देत. पहिले काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून हे सहन करायचा. एके संध्याकाळी मी गेलो तर तोच त्यांना सांगत होता, “दादा, आज डावीकडथून बघ, तठे जरा पिवळं वाटस.” त्यानंतर आक्कांनी सांगितलं, की आता दोघं रात्री उशिरापर्यंत गप्पा मारतात आणि कुणाला झोपू देत नाहीत.

त्या दिवाळीला दीड वर्ष झालं तेव्हा, यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पुन्हा गावी गेलो. माहेरवाशिणी झोक्यावर गात होत्या, घराघरांत आंब्याचा रस आणि सांजोऱ्या होत्या. ऊस तुटून गेला होता, आणि मोकळ्या रानातून थेट डोंगरापर्यंत दिसत होतं. ऊन उतरल्यावर साडू, चुलतभाऊ आणि मी नाल्याकडच्या बांधावर जाऊन बसलो. मग साडूंनी डोंगराकडे बघत विचारलं, की ती पिल्लं आता केवढी झाली असतील.

चुलतभावाने दंडावरून हात फिरवला. तो गार्डला विचारून आला होता, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं. “मोठी झाली असतील दादा. आईजवळ राहत नाहीत म्हणे एवढी झाल्यावर. एकेकटी राहतात.”

“असं का,” साडू म्हणाले. मग, स्वतःशीच म्हटल्यासारखं, “आई जाते का पण अधूनमधून बघायला, कुणास ठाऊक.”

डोंगर आधी निळा झाला, मग जांभळा, आणि साडू त्याच्यावरून नजर न काढता तो काळा होईपर्यंत बसून राहिले.