पिवळा दिवा, पुणे ते संग्रामपूर

गाडी सोळा वर्षांची आहे. बाबांनी घेतली, त्यांच्यानंतर मी चालवली. दिवाळीत ठरलं की ती आता संग्रामपूरला ताईकडे जाईल. ताईच्या नवऱ्याला, दाजींना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खामगावला न्यावं लागतं. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. जाताना एसटी चालते. येताना दाजींना बसवत नाही. जीप सांगावी लागते, आणि जीपवाला दर वेळी येतोच असं नाही.

अडचण एकच होती. दसऱ्यानंतर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता आणि तो जात नव्हता. पुण्यातल्या दोन गॅरेजांनी प्लग आणि एअर फिल्टर बदलले, सायलेन्सरकडचा सेन्सर बदलला, पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा बदललं. प्रत्येक वेळी दिवा विझवून दिला. प्रत्येक वेळी साठ-सत्तर किलोमीटरनंतर तो परत लागला. चढावर किंवा एसी लावला की गाडी किंचित अडखळायची, एवढंच. मी एकटी असताना ते चालून जात होतं. आजारी माणूस मागे झोपलेला असताना ताईने अशा गाडीवर विसंबावं, असं मला वाटत नव्हतं. पण तिने शुक्रवारच्या जीपला नको म्हणून सांगून टाकलं होतं. मी पुन्हा दिवा विझवून घेतला आणि बुधवारी पहाटे निघाले.

दिवा शिरूरच्या पुढे लागला.

जुनी गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांसाठी एक सांगते. हा दिवा स्थिर असेल तर हळू, सांभाळून जाता येतं. लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची. माझा स्थिर होता. नगर, संभाजीनगर, जालना असं करत देऊळगाव राजाला पोचायला चहा-जेवणासह नऊ तास लागले. रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला आहे. बालाजीच्या देवळापासून चालत जाता येईल अशा लॉजवर खोली मिळाली. साधी, स्वच्छ, सकाळी गरम पाण्याची बादली.

गुरुवारी सकाळी टपरीसमोर चहा घेत होते. गाडी चालूच ठेवली होती. एका माणसाने खिडकीतून आत पाहिलं.

"ताई, लाइट लागलेली आहे तुमची."

"महिना झाला."

"मग काळी पट्टी चिकटवा तिच्यावर. मी माझ्या पिकअपला तेच केलं."

टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, "आता पिकअप कुठंय ते पण सांग त्यांना."

"भंगारात," तो माणूस म्हणाला. "पण लाइटचा त्रास नाही झाला कधी."

देऊळगाव ते चिखली तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती आणि काही ठिकाणी कापसाची वेचणी चालू होती. चिखलीत एका गॅरेजमध्ये यंत्र लावून दोष वाचून घेतला. इंजिनात जाणाऱ्या हवेचं माप चुकतंय, असं त्यात आलं. हवा मोजणारा सेन्सर बदलावा लागेल, तो संभाजीनगरहून मागवावा लागेल, शनिवारी मिळेल. मी म्हटलं, शुक्रवारी सकाळी सातला गाडी पाहिजे. गॅरेजवाल्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, "पिंपळगाव राजाले जाऊन पाहा. शकूरभाई म्हणून आहेत. ते बदलाच्या आधी उघडून पाहतात."

खामगाव ओलांडून पिंपळगाव राजाला पोचले तेव्हा दुपार झाली होती. गावाच्या तोंडाशी पत्र्याची शेड, समोर कडुनिंब. शकूरभाई साठीचे असावेत. मोपेड दुरुस्तीला आणलेले एक शेतकरी बाजेवर बसले होते. चिखलीत काय वाचलं ते मी सांगू लागले. शकूरभाईंनी हाताने थांबवलं.

"यंत्र माह्याकडं बी आहे. ते मंग. कधीपासून लागून राह्यला?"

"दसऱ्यानंतर."

"अन् मांगच्या वर्षी?"

आठवावं लागलं. मागच्या वर्षीही लागला होता. आठवड्याने आपोआप गेला होता.

"तेव्हा बी दसराच?"

"हो. तेव्हाच कधीतरी."

"पूजा करता गाडीची?"

"करते."

"कुंकू कुठं लावता? बॉनेटवर का आतमंदी?"

मी सांगितलं. बाबा दर दसऱ्याला एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडून त्याला आतून हळद-कुंकू लावायचे. इंजिन इथून श्वास घेतं, म्हणायचे. मी देव मानत नाही. पण गाडी माझ्याकडे आल्यावर मीही ते चालू ठेवलं, त्याच जागी, तसंच.

त्यांनी डब्याचे चार चाप काढले आणि झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतला फिल्टर नवा होता. झाकणाला आतून लाल-पिवळा थर होता, जागोजागी पोपडे सुटलेला.

"हवा खालून येते. फिल्टरमंदी गाळल्या जाते. अन् मंग इकडं वर येते, या झाकणात. म्हंजे गाळून झाल्यावर तुमचं कुंकू उडते, अन् सीधं तिथं जाते." त्यांनी पुढच्या नळीतला सेन्सर काढून दाखवला. केसासारखी बारीक तार. तिच्यावर तांबूस लेप होता. "हे हवा मोजते. त्याच्या डोळ्यात तुम्ही दरसाल कुंकू टाकून राह्यल्या."

"पुण्यात दोन्ही गॅरेजांनी हा डबा उघडला होता. फिल्टर बदलला. कोणी काही बोललं नाही."

"बोलन कोण? पूजेचं आहे. दिसलं असन सगळ्याइले. पुसाले कोणाचा हात होत नाई." त्यांनी एक स्वच्छ फडकं माझ्या हातात दिलं. "पुसा."

"तुम्हीच पुसा ना."

"नाई. गाडीत आमचं सातशे शहाऐंशी चिकटवलं असलं तरी मी मालकालेच काढाले लावतो. मले इंजिन खोलता येते, तेवढंच खोलतो."

बाजेवरचे शेतकरी म्हणाले, "पैसे शकूरभाई घेईन, अन् काम तुमच्याच हातानं करून घेईन. माह्या मोपेडचंबी तसंच हाय."

"तुह्या मोपेडले तं तूच ढकलून आणलं," शकूरभाई म्हणाले आणि तिकडे गेले. मी पुसून होईपर्यंत ते मोपेडपाशीच थांबले.

वरचं कुंकू यंदाचं होतं. ते लगेच निघालं. खालचा थर बाबांचा. तो फडकं ओलं केल्याशिवाय निघेना.

सेन्सर त्यांनी हात न लावता, नुसत्या फवाऱ्याने धुतला आणि पूर्ण वाळेपर्यंत कशालाही हात लावू दिला नाही. नंतर यंत्र लावून दिवा विझवला. मजुरी पुण्यातल्या एका प्लगपेक्षा कमी. फडकं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला परत दिलं.

"हे घेऊन जा. इथं नको फेकाले. अन् आता पयले शंभर किलोमीटर खुश होऊ नका."

पिंपळगाव राजा, नांदुरा, पूर्णेवरचा येरळीचा पूल, जळगाव जामोद, संग्रामपूर. सत्तरच्या आसपास भरतं. दिवा परत लागायचा तो याच अंतरात. जळगावनंतर उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. मी ती फारशी पाहिली नाही.

संग्रामपूरला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दिवा लागलेला नव्हता. पण अजून शंभर झाले नव्हते, म्हणून मी ताईला काही बोलले नाही.

ती हळद-कुंकवाचं ताट घेऊनच बाहेर आली. दाजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांच्या हाताशी स्टीलचा लहान पेला होता. दिवसभराचं पाणी ते त्या पेल्याने मोजून पितात.

"बॉनेट उघड," ताई म्हणाली. "आणि तो डबा. बाबा तिथं लावायचे."

"तिथं नाही लावायचं."

"काऊन?" ताई पुण्यात वाढली. पंचवीस वर्षं इथे आहे.

मी सगळं सांगितलं. तिने झाकण आतून पाहिलं. काळं, स्वच्छ प्लास्टिक.

"बाबांचंपण पुसलंस?"

"हो."

ती बोटाला कुंकू लावून तशीच उभी राहिली. शेवटी दाजी ओट्यावरून म्हणाले, "तुमच्या बाबानं गाडीले एवढी वर्षं कुंकू खाऊ घातलं, तरी चालली. मले डॉक्टर मीठ बी खाऊ देत नाई. लाव न आता स्टिअरिंगले. हात तं तिथंच राहते."

ताईने स्टिअरिंगला लावलं. जेवायला वांग्याचं भरीत आणि भाकरी होती. दाजींसाठी वेगळं, बिनमिठाचं.

शुक्रवारी सातला निघालो. जाताना मी चालवली. दाजी दवाखान्यात आत असताना ताईने आणि मी बाहेर कचोरी खाल्ली, नंतर झाडाखाली थांबलो. चार तास लागतात. येताना ताई चालवायला बसली आणि दाजी मागे आडवे झाले. त्यांना गार हवा लागते म्हणून एसी लावला. आतापर्यंत एसी लावला की गाडी हमखास अडखळायची. आता अडखळली नाही. ताईची नजर सारखी खाली जात होती.

"दिवा पाहून राह्यली का रस्ता?" दाजींनी डोळे न उघडता विचारलं.

"दोन्ही."

घरी पोचलो तेव्हा शकूरभाईंच्या शेडपासून एकशे सत्तर किलोमीटर झाले होते. किल्ली फिरवली की हा दिवा क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, तसं होणं बरोबर असतं, हे मी ताईला तीनदा करून दाखवलं. कधी लागलेला राहिलाच तर पिंपळगावला जायचं, हेही सांगितलं. शनिवारी शेगावहून रेल्वेने परत आले.

फडकं माझ्या पिशवीत पुण्याला आलं. दोनदा धुतलं. डाग गेला नाही. ते कशाला वापरायचं हे अजून ठरलेलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी ताई घरी पोचली की इंजिन बंद करण्याआधी डॅशबोर्डचा फोटो पाठवते. सोबत काही लिहिलेलं नसतं. दिवा विझलेला आहे हे एका नजरेत कळतं. मग मी शेजारचा किलोमीटरचा आकडा पाहते. तो दर वेळी शंभरने पुढे गेलेला असतो.