जनार्दनचं मिठाचं ताट

जनार्दन गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेव्याला टायरवाल्याशी टायरच्या दरावरून भांडत होतो. ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेलं भांडण पुरं केलं. त्या बिचाऱ्याला जे बोललो ते त्याच्यासाठी नव्हतंच...

आम्ही दोघे लहानपणापासूनचे दोस्त, एकाच मिठागरातले. आमच्याकडे रास वरून उपसतात, पायथ्याला फावडं लावत नाहीत. मी आठ वर्षांचा असताना लावलं आणि अख्खी रास अंगावर आली. जनार्दनने केस धरून मला बाहेर ओढलं. माझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि हा राशीकडे बघत उभा. इतका वेळ गप्प बसलेले दाणे सगळे एकदम कसे निघाले? त्या प्रश्नामागे जात तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. मी शाळा सोडून स्टिअरिंग धरलं, पुढे स्वतःचे ट्रेलर उभे केले. त्याच्या घरी गेलं की तो ताटात मिठाचा एकेक दाणा टाकत बसलेला असायचा. खाडीवर तुतवारांचा थवा वळला की माझा दंड धरून थांबवायचा. थव्याला म्होरक्या नसतो, प्रत्येक पक्षी शेजारच्यांकडे बघून वळतो, असं सांगायचा. आणि कुठल्या दाण्याने रास पाडली ते शोधू नये, ती आधीच पडायला आलेली असते. मला ते फार पटायचं.

मग बंदराच्या गेटवर आम्हा स्थानिक ट्रेलरवाल्यांनी बाहेरच्या गाड्या अडवून आंदोलन केलं. जनार्दन मला जेवायला न्यायला आला होता. बाहेरगावचा एक ड्रायव्हर खाली उतरून हात जोडत होता. मी त्याच्या कानाखाली वाजवली. एकच. पण मागचे चाळीस-पन्नास जण त्याच्यावर तुटून पडले. लाथा, लोखंडी पाने, दगड. जनार्दन घुसला आणि त्याच्या अंगावर आडवा पडला, म्हणून तो जगला. ड्रायव्हरचा एक डोळा मात्र गेला.

चौकीत जनार्दनने पहिला हात उचलणारा म्हणून माझं नाव सांगितलं. मी जामिनावर सुटलो तो थेट त्याच्या दारात. दोषी दाणा नसतो म्हणून जगाला शिकवतोस, मग माझंच नाव कसं, विचारलं.

“दान्याला हात नसतान, हरी,” तो म्हणाला. “तुला व्हते.”

मी त्याचा जबडा फोडला. त्याची मात्र त्याने तक्रार केली नाही. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. लग्नाकार्यात शेजारच्या पंगतीत तो जेवायचा, घास चावताना जबडा वाजायचा, मला ऐकू यायचा. आधी मला सांगितलं असतं तर मी स्वतः चौकीत गेलो असतो... कदाचित. तो राग अजून आहे.

दहाव्याला वहिनींनी त्याचं मिठाचं ताट माझ्या हातात ठेवलं. “तुमचं हाय, भावजी. तेच बोलून गेले.”

ते आता माझ्या ऑफिसात टेबलावर आहे. रास मीच दाणा-दाणा टाकून वाढवली आहे, पडायला आली आहे. सौदा करताना टेबलावर मूठ आपटायची माझी सवय सगळ्या बंदराला ठाऊक. हल्ली मूठ वर जाते, आणि तिथेच राहते.