काकांनी कॅपमध्ये राखलेली जागा

मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मी एका फुटबॉल संघाच्या ऑफिसात कामाला होते. दोन हजार चार-पाचची गोष्ट. कॉम्प्युटरचं काम माझं, आकडे काकांचे. काका म्हणजे वेस्ट विंडसरला आमच्या शेजारीच राहणारे सांगलीचे अकाउंटंट, फार पूर्वी अमेरिकेत आलेले. मी त्यांच्याच गाडीतून ऑफिसला जायचे, त्यामुळे जाता-येता फुकटची शिकवणी मिळायची.

खेळाडूंच्या पगारावर वर्षाला किती खर्च करायचा, हे लीग ठरवून देते. ती मर्यादा म्हणजे कॅप. आमचा संघ तेव्हा नव्याने बांधायला काढला होता. जुने महागडे खेळाडू सोडले होते, पण त्यांना आधीच दिलेले बोनस अजून आमच्याच कॅपमध्ये मोजले जात होते. "गेलेल्यांचं ताट अजून मांडावं लागतंय," काका म्हणायचे.

उरलेल्यांत एक सेंटर होता. सेंटर म्हणजे डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू देणारा आडदांड गडी. याचे गुडघे गेले होते, पण नव्या, पोरसवदा क्वार्टरबॅकला मैदानात सांभाळून घ्यायचा तो हाच. मॅनेजरला तो हवा होता. तो निम्म्या पगारावर खेळायलाही तयार होता. काकांनी सांगितलं, तेवढीही जागा नाही. झालं, शुक्रवारी त्याला सोडायचं ठरलं.

बुधवारी तो आमच्या टेबलाशी आला. "घर विकायला काढलंय," म्हणाला. "शाळा सोडावी लागणार म्हणून मुलगी माझ्याशी बोलत नाही. काहीच होणार नाही का?" काका स्क्रीनकडे बघत बसले. मला त्यांचा भयंकर संताप आला.

संध्याकाळी काकूंनी मला दारातच गाठलं आणि काकांबरोबर जेवायला बसवलं. भात वाढताना म्हणाल्या, "सावकाश जेव गं. मंडळाचा कार्यक्रम आठला आहे असं हे म्हणतायत, म्हणजे साडेआठला असणार. गाडीतलं पेट्रोल संपलं म्हणाले की पाव टाकी शिल्लक असते. हातचं राखल्याशिवाय या माणसाने मला आजवर एक आकडा खरा सांगितलेला नाही."

माझा घास हातातच राहिला.

"काका, कॅपमध्ये किती राखलंय?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"सीझनमध्ये कुणी जखमी झाला तर बदली खेळाडू नको?"

"त्याची रक्कम वेगळी धरलीय. मीच टाइप केलीय."

"ती आहेच," काका ताटाकडे बघत म्हणाले. "शिवाय नव्या मुलांच्या बोनसमध्ये थोडी जास्त धरलीय. तशी सगळीकडेच थोडी थोडी."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, घरात चालतं हे. तिथे माणूस जातोय."

"ऐन वेळी तोंडघशी पडायला नको म्हणून केलं," काका म्हणाले. "आपण बाहेरचे. चुकलं की पहिलं बोट आपल्याकडे."

माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. राग निम्मा तिथेच उतरला.

सकाळी काका खरा आकडा घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी बाहेर देव पाण्यात घालून बसले होते. काका बाहेर आले ते घामाघूम, पण नोकरी शाबूत होती आणि सेंटरची सहीसुद्धा शुक्रवारी निम्म्या पगारावर झाली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सही करून तो थेट आमच्याकडे आला. "जागा कुठून काढलीत?" त्याने काकांना विचारलं.

आता काका काहीतरी सारवासारव करणार, असं मला वाटलं. काका उठून उभे राहिले. "काढली नाही. होतीच. मी सांगितली नव्हती."

तो खुर्ची ओढून बसला. "बरं. मग आता खरं सांगा. पुढच्या वर्षी?"

काका मनात पुन्हा काहीतरी राखायला लागलेत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते म्हणाले, "पुढच्या वर्षी नाही. खरंच नाही."

त्याने मान डोलावली. "एक वर्षच हवं होतं," तो म्हणाला. "तेवढ्यात पोरीची शाळा संपते."