टिंबकाकांची एकमेव चूक

छापखान्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना टिंबकाका म्हणायचे. मुद्रितं तपासणं हे त्यांचं काम, आणि कुठे अनुस्वार सुटला की तो त्यांना कुसळासारखा डोळ्यात सलायचा. एकदा काकूंनी बाजाराच्या यादीत घाईघाईने 'कादे' लिहिलं, तर हे पिशवी खाली ठेवून आधी पेन शोधत बसले. काकू म्हणाल्या, "टिंब राहू दे, निदान कांदे तरी आणा!"

अशा माणसाच्या हातून चूक झाली, तीही टिंबांचीच, आणि एक-दोन नव्हे, अख्ख्या पुस्तकभर.

झालं असं की छापखान्यात एक विज्ञान कादंबरी आली होती. माणसं एका दूरच्या ग्रहावर जातात, परतताना यानात जागा उरत नाही म्हणून आपलं बोलकं यंत्र तिथेच ठेवतात आणि सांगतात, "थांब, आम्ही येतो." ते बिचारं थांबतं. लेखकांनी हस्तलिखितात 'यंत्र थांबले, यंत्र म्हणाले' असं लिहिलं होतं. मग त्यांनाच ते ताठर वाटलं आणि त्यांनी 'थांबलं, म्हणालं' करायला सांगितलं. काकांनी पहिल्याच पानाच्या समासात लाल शाईने सूचना लिहिली: 'यंत्राची सर्व क्रियापदे अनुस्वाराने.'

खिळे जुळवणारा जुळारी मोठा आज्ञाधारक. सर्व म्हणजे सर्व! यंत्र स्वतःच्या तोंडाने 'मी थांबलो' म्हणत होतं, तिथेही त्याने 'मी थांबलं' करून टाकलं. दुसरं मुद्रित आलं तेव्हा काका फक्त टिंबं बघत गेले. एकही सुटलेलं नाही म्हणून खूश होऊन त्यांनी सही ठोकली.

आता 'मी' एक तर थांबतो, नाही तर थांबते. 'मी थांबलं' याला व्याकरणात बसायला पाटसुद्धा नाही. हे काकांच्या लक्षात आलं तेव्हा सगळे फर्मे, म्हणजे पुस्तकाचे सगळे मोठे ताव, छापून झाले होते. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ होती: 'मी थांबलं आहे.' काकांच्या पायाखालची जमीन सरकली.

मालक रागाने लाल झाले. "उद्यापासून येऊ नका," त्यांनी सरळ सांगून टाकलं. तेवढ्यात लेखक आले. त्यांनी पानं चाळली. कपाळाला आठी पडली, ती काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग लेखकांनी एकदा काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि मालकांना म्हणाले, "असंच हवं होतं मला. मीच सांगितलं होतं यांना."

हे चक्क खोटं होतं. त्या एका खोट्यावर काकांची पुढची बावीस वर्षं नोकरी टिकली, लेकीचं शिक्षण झालं. एवढ्या वर्षांत त्या माणसाची मनोमन आठवण काढल्याशिवाय काकांनी कामाचं पेन उघडलं नाही.

आणि पुस्तक? ते लोकांनी डोक्यावर घेतलं. आपण तान्ह्याला म्हणतो ना, बाळ आलं, बाळ झोपलं, तसं ते यंत्र स्वतःविषयी बोलत होतं. शेवटच्या ओळीला भले भले रडले. लेखकांना कुणी विचारलं, "हे सुचलं कसं?" की ते चष्मा पुसत विषय बदलायचे. काकाही गप्प. बोलावं तर लेखक खोटे पडणार. शिवाय बिनचूक म्हणून इतकी वर्षं मिरवलं होतं, ते कोण घालवील?

मग पुढचा भाग आला, दुसऱ्या छापखान्यातून. काका तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी पुस्तक उघडलं. माणसं परत ग्रहावर उतरतात आणि यंत्र म्हणतं, 'मी थांबलो होतो.' काकांचं पुढे वाचण्यात मन लागेना.

वाचकांचंही तेच झालं. नेमकं काय बिनसलंय ते कुणाला सांगता येईना, पण जो तो हिरमुसला. वाचनालयाने लेखकांना गप्पांसाठी बोलावलं, तिथे एक शिक्षिका उठल्या. "रागावू नका, पण हा कोण बाप्या बोलतोय? आमचं यंत्र कुठे गेलं?" आणि पुढे विचारलं, "पहिलं पुस्तक तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

लेखकांचा चेहरा उतरला. "तिसरा भाग अर्धा झालाय," ते हळूच म्हणाले. "तो मी फाडून टाकणार आहे. मला आता लिहायचं नाही."

मागच्या रांगेत बसलेल्या काकांना राहवेना. आपल्याला ज्याने सांभाळलं, तो माणूस समोर एकटा पडला होता. ते उठले.

"ती सगळी टिंबं माझी," ते म्हणाले. "चुकून पडलेली. माझी नोकरी जाऊ नये म्हणून साहेबांनी ती आपल्या अंगावर घेतली. पण ग्रह त्यांचा, यंत्र त्यांचं, एकटं पडणं त्यांनीच लिहिलेलं. माझं टिंब दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पडलं असतं, तर लोक नुसते हसले असते."

त्याच शिक्षिका म्हणाल्या, "अहो काका, मग ती चूक पुन्हा करा की!" आणि सगळे हसले. लेखकसुद्धा.

बाहेर पडताना लेखकांनी काकांचा हात धरला. "दुसऱ्या भागात मुद्दामच नाही लिहिलं तसं. इतकी वर्षं तुमच्या टिंबावर टाळ्या घेतल्या. पुन्हा चोरी करवेना."

"आणि मी तुमच्या खोट्यावर घर चालवलं, त्याचं काय?" काका म्हणाले. तिसऱ्या भागाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

आठेक दिवसांनी सकाळी दाराची कडी वाजली. काकूंनी आतूनच विचारलं, "कोण आहे?"

बाहेरून आवाज आला, "मी आलं."

काकूंना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. पण काका ताडकन उठले. दार उघडलं, तर लेखक उभे, काखेत कागदांचं जाडजूड बाड. काकांचे डोळे भरून आले. खिशातलं लाल पेन चाचपत ते बाजूला सरकले.

"या," ते म्हणाले. "मी थांबलंच होतं."