पाणसळीत बसवलेली दुर्बीण

गवंडीकामात ज्यांचे केस पांढरे झाले, त्या गृहस्थांना वाकडे म्हणून काही खपत नसे. भिंत ओळंब्यात हवी, फरशी पाणसळीत हवी. गल्लीत त्यांना सारे 'सरळकाका' म्हणत.

त्या संध्याकाळी ते गच्चीवर मेहुण्यांची दुर्बीण उभारत होते. मेहुणे म्हणजे पत्नीचे थोरले भाऊ. झटक्याने त्यांची वाचा गेली होती व उजवे अंग लुळे पडले होते. उद्या त्यांचा मुलगा त्यांना आपल्या घरी नेणार होता आणि तिथे गच्ची नव्हती. जाण्यापूर्वी भावाला एकदा शनीची कडी दिसावी, एवढीच बहिणीची इच्छा होती.

दुर्बीण पेलणारा लोखंडी दांडा काकांना तिरका दिसला. तो वापराविना खचला असेल, असे समजून त्यांनी स्क्रू सैल केला, दांड्यावर पाणसळ ठेवली आणि तो आडवा, अगदी समतल करून स्क्रू आवळला.

खुर्चीतले मेहुणे घशातून आवाज काढू लागले. डावा तळवा तिरका करून दाखवू लागले.

"अहो, दादाला आडवं व्हायचंय वाटतं."

"जरा दम धरा म्हणावं. आणि तू बाजूला हो, आकाश अडतंय."

"माझ्यामुळे? एवढी का पसरलेय मी!"

अखेर शनी सापडला. सरकत्या ताऱ्यामागे दुर्बीण आपोआप फिरवत नेणारी मोटर काकांनी सुरू केली. दोघांनी मेहुण्यांना उचलून भिंगाशी नेईपर्यंत शनी निसटला. पुन्हा शोधला, पुन्हा निसटला.

"शनीसुद्धा तुम्हाला बघून पळतोय," पत्नी म्हणाली.

तेव्हा मेहुण्यांनी डाव्या हाताने दांड्यावर थाप मारली, तळवा तिरका केला आणि उत्तरेकडे बोट दाखवले.

"सारं आकाश ध्रुवताऱ्याभोवती फिरतं, म्हणून दांडा त्याच्याकडे रोखायचा का, दादा? तो तिरकाच हवा होता?" काकांनी विचारले.

मेहुण्यांनी डोळे मिटून होकार दिला.

काका लगबगीने दांड्यामागे वाकले. उत्तरेला शेजारच्या इमारतीची टाकी आडवी आली होती, ध्रुवतारा दिसेना. त्यांनी स्क्रू सैल करून विचारले, "किती तिरका, दादा? एवढा?"

मेहुण्यांनी तळवा पुन्हा उचलला. पण हात थरथरत होता, एका जागी ठरत नव्हता. त्या थरथरीतून कोन कसा घ्यावा, हे काकांना उमगेना. ते दांडा वर करत, खाली करत, मेहुण्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. तोवर पश्चिमेकडून ढग चढले.

"राहू द्या आता," पत्नी म्हणाली. "दादा दमला."

दोघांनी खुर्ची उचलली. जिना उतरताना मेहुण्यांची मान मागे, गच्चीकडेच वळलेली होती. ती सरळ करण्याचे धैर्य काकांना झाले नाही.