भुईगावच्या क्रुसापाशी गाळलेली ओळ

बरेच महिने या ब्लॉगवर काही लिहिलं नाही. काहींनी मेसेज करून विचारलं, बाई, कुठे गायब झालात? कुठेच नाही हो, घरातच होते. हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला, इनासला, मेंदूचा झटका आला. जीव वाचला. उजवा पाय महिन्याभरात चालायला लागला, हातही हळूहळू वळायला लागला. गेली ती वाचा. त्याला समजत सगळं होतं. पेपर वाचायचा, माझ्या विनोदांना हसायचा (आधी कधी हसला नव्हता तेवढा), पण तोंडातून शब्द निघायचा तो भलताच. चहा मागायला जायचा आणि ‘पंखा’ म्हणायचा.

एकदा सोसायटीच्या गेटवर चार माणसांनी तब्येत विचारली. हा ‘बरा आहे’ म्हणायला गेला आणि काहीतरी तिसरंच बोलला. कोणीतरी हसलं, वाईट मनाने नाही, पण हसलं. त्या दिवसापासून इनासने ओठ जे मिटले ते मिटलेच. वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या की, जे पाठ आहे ते कधी कधी आधी येतं, गाणी, आकडे, प्रार्थना. पण तुमच्या मिस्टरांनी प्रयत्नच सोडला आणि गप्प राहायची सवय लागली, तर ती मोडणं फार जड जाईल. मी घरी येऊन भजन लावलं, पाढे म्हटले, बडबडगीतंसुद्धा म्हटली. हा उठून गॅलरीत जाऊन बसायचा.

अशात एप्रिलअखेर भुईगावहून ब्रिजित काकीचा फोन आला. इनास मूळचा वसईजवळच्या भुईगावचा. त्यांच्या आळीत एक क्रूस आहे, चुना लावलेला, चिंचेखाली. मे महिनाभर रोज संध्याकाळी आळीतली माणसं त्या क्रुसापाशी जमून रोझरीची जपमाळ म्हणतात आणि शेवटी लितानी, म्हणजे मरियामातेची एकेक नावं. एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी म्हणायचं, ‘आम्हांसाठी विनंती कर’. रोज एका घरची पाळी. ज्याची पाळी त्याने क्रूस धुवायचा, हार घालायचे, उकडलेले चणे वाटायचे आणि लितानी सांगायची. इनास नाशकात नोकरीला आला तरी वडिलांची पाळी त्याने एकही वर्ष चुकवली नव्हती. काकी विचारत होती, येणार ना?

मी म्हटलं, काकी, या वर्षी दुसऱ्या कुणाला द्या. काकी म्हणाली, बघ बाई, तुझी मर्जी. फोन ठेवून वळले तर इनास कपाटातून बॅग काढत होता.

आता गाडी कोण चालवणार? आमच्याकडे आजवर गाडी तो चालवायचा आणि मी शेजारी बसून चुका काढायचे. या वेळी उलट. नाशिकहून सकाळी लवकर निघालो. कसारा घाटात मी दुसऱ्या गिअरमध्ये, मागे ट्रकवाल्यांचे भोंगे, शेजारी हा दरवाजावरचं हँडल धरून डोळे मिटून बसलेला. मी म्हटलं, मी आजवर एवढी घाबरले होते का रे तुझ्या शेजारी? त्याने मान हलवली. शहापूरजवळ मिसळ खाल्ली, ठीक होती, नाशिकच्या माणसाने अपेक्षा ठेवू नये.

जाणाऱ्यांसाठी सांगते. भिवंडीच्या पुढे दोन वाटा आहेत. ठाण्याहून घोडबंदर धरलंत तर वेळेचा भरवसा नाही. आम्ही अंजूर फाट्याहून कामणमार्गे चिंचोटीला निघालो. अंतर कमी, पण खड्डे असे की पाठीचे मणके मोजून घ्यावेत. चिंचोटीला हायवे लागला की सुटलात. तिथून वसई फाटा, मग पूल ओलांडून पश्चिमेला. पूल ओलांडला की इमारती थोडा वेळ पिच्छा पुरवतात आणि मग एका वळणावर केळीच्या बागा सुरू होतात. इनासने तिथे काच खाली केली.

आमचं घर आहे म्हणून आम्ही भुईगावात राहतो. ज्यांचं नाही त्यांनी कळंबच्या किनाऱ्यावर कॉटेज बघा. शनिवार-रविवार टाळलात तर भावही बरा मिळतो आणि समुद्रही ऐकू येतो. नाहीतर पिकनिकवाल्यांची गाणी ऐकून या.

काकीने दुपारी तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि कैरीची चटणी वाढली. काकी इनासच्या धाकट्या काकांची बायको. काका गेले तेव्हा तिची तिन्ही मुलं शाळेत जायच्या वयाचीही नव्हती. बागेतला चाफा आणि केळी विकून तिने ती वाढवली. इनासशी ती आपल्या घरच्या बोलीत बडबडत होती, त्याच्या उत्तराची वाट न बघता. मला वाटलं, अगं, थांब ना जरा, त्याला वेळ दे. पण बघितलं तर हा निवांत जेवत होता. त्याला कुणी प्रश्न विचारत नव्हतं, हेच त्याला बरं वाटत असावं.

संध्याकाळी सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, चिखल लांबपर्यंत. पाण्यात जायचं असेल तर भरतीची वेळ विचारून जा. आम्ही नुसतं बसलो. मी खरं सांगते, त्या महिन्यांत मी देवावर फार रागावले होते. मी नाशकातल्या प्रोटेस्टंट घरातली, लहानपणापासून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला शिकलेली. पण स्वतःचे शब्द संपले होते. भेटेल तो सांगायचा, देवावर टाक. टाकायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसईचा किल्ला बघून घ्या, ऊन चढायच्या आत. तिकीट नाही, टोपी आणि पाणी न्या, आत दुकान नाही. जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, वर छत नाही, आत पिंपळ वाढलेत. शिवाय लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. एका नवरदेवाला फोटोवाला सारखा ‘नॅचरल हसा’ सांगत होता आणि त्या बिचाऱ्याचा चेहरा आणखीच दुखल्यासारखा होत होता. इनास तोंड दाबून हसला. परतताना सांडोरच्या बाजूने आलो, रस्त्याकडेला ताजी वांगी आणि वेलची केळी मिळाली.

दुपारी काकीने चण्याचं पातेलं चुलीवर चढवलं आणि मला खोबऱ्याचे तुकडे करायला बसवलं. तेव्हा तिने सांगितलं, की आज लितानी तू सांगायचीस. इनासच्या घरची पाळी, तर इनासच्या घरचंच माणूस. मी उडालेच. लग्नानंतर इतकी वर्षं मी त्या क्रुसापाशी मागच्या ओळीत उभी राहून चण्यांची वाट बघितलेली. इनासला चिडवायचे, एवढं तेच तेच काय रे म्हणता, देव काय बहिरा आहे? तो म्हणायचा, देवाला ऐकू येतं गं, मला पाठ राहावं म्हणून म्हणतो. काकीला म्हटलं, मला जमणार नाही, माझा आता प्रार्थनेवर विश्वासही धड उरलेला नाही. तुम्ही सगळे देवावर टाक म्हणता, मी टाकते, आणि रात्री परत माझ्याच डोक्यावर असतं.

काकी चणे ढवळत होती. ढवळतच म्हणाली, “मग? एकदा टाकलं की संपलं, असं कुणी सांगितलं तुला? भांडी घासतेस ना रोज? तसंच आहे ते. सकाळी उठायचं आणि परत टाकायचं. तुझे काका गेले तेव्हा मी तर दिवसातून दहादा टाकायची.”

आणि मग झाकण ठेवून ती हार ओवायला निघून गेली.

संध्याकाळी क्रूस धुतला. इनासने डाव्या हाताने पाणी ओतलं, मी काथ्याने घासलं. चाफ्याचे आणि मोगऱ्याचे हार घातले, मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने त्या सारख्या विझायच्या, म्हणून कुणीतरी वर झाकायला बूड कापलेल्या बाटल्या आणल्या. आळी जमली. म्हाताऱ्या बायका नऊवारीत, पोरं हाफ पँटमध्ये, ऑफिसातून थेट आलेले दोघे बॅग पाठीला लावून. इनासशी सगळे मान हलवून बोलले, प्रश्न कुणी विचारला नाही. काकीने आधीच तंबी दिली असणार. तो माझ्या मागे उभा राहिला.

रोझरी झाली. मी पुस्तक उघडलं आणि लितानी सुरू केली. सुरुवातीला अडखळले, पण चाललं होतं. मी एक नाव घ्यायचे आणि मागून आळीभराचा आवाज यायचा, ‘आम्हांसाठी विनंती कर’. खरं सांगू, पाचसात नावांनंतर मला बरं वाटायला लागलं. मला काही सुचावं लागत नव्हतं. ओझं उचलायला मागे एवढी माणसं होती.

मग पान उलटलं आणि पुढची ओळ दिसली. ‘आजाऱ्यांचे आरोग्य’. ही ओळ तोंडातून काढली तर मी इथेच सगळ्यांसमोर रडणार, हे मला कळलं. म्हणून मी ती सरळ गाळली. थेट पुढची घेतली, “पाप्यांचा आश्रय”. आळीने उत्तर दिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, मला वाटलं. मी पुढचं नाव घ्यायला श्वास घेतला.

तेवढ्यात मागून आवाज आला, घोगरा, कुरकुर केल्यासारखा. “आजाऱ्यांचे आरोग्य.”

आणि आळीने सवयीने एका सुरात म्हटलं, “आम्हांसाठी विनंती कर.”

मग कळलं, आवाज इनासचा. पुढचं नाव घ्यायचं मला सुचलंच नाही. मी मागे वळले नाही, वळायची छाती झाली नाही. त्या माणसाने आयुष्यभर लितानीत कुणी एक शब्द चुकला तर तिथल्या तिथे सुधारलेला. मी ओळ गाळली आणि त्याला ते सहन झालं नाही, बस्स. कितीतरी आठवडे तोंड न उघडलेला माझा नवरा माझी चूक काढायला बोलला!

काकी शांतपणे म्हणाली, “पुढचं घे, करुणा.”

मी घेतलं. म्हणजे हुंदके देतच घेतलं. आणि आता मागच्या आवाजात एक आवाज मला वेगळा ऐकू येत होता, जरा मागे पडणारा, ‘विनंती’वर अडखळणारा, पण प्रत्येक वेळी येणारा. कुणीही वळून बघितलं नाही. त्या आळीचे उपकार मी विसरणार नाही, ते यासाठी. सगळ्यांनी मुद्दाम समोर क्रुसाकडे बघत प्रार्थना पूर्ण केली. नंतर चणे इनासनेच वाटले, डाव्या हाताने, आणि म्हाताऱ्या बायका दोनदा-दोनदा द्रोण पुढे करत राहिल्या.

त्या रात्री मी पडल्या पडल्या झोपले. तक्रार नाही, मागणं नाही, काही नाही. इतकं हलकं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काकीने सोबत सुकेळी दिली, केळीच्या सालपटात बांधलेली, उन्हात वाळवलेली केळी. तुम्ही गेलात तर ओळखीच्या घरी विचारा, करणारे हल्ली थोडेच राहिलेत. परतीला पुन्हा तीच कामणची वाट. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली आणि मी सवयीने काहीबाही पुटपुटणार, तर शेजारून आलं, “आम्हांसाठी विनंती कर.” मी एवढी हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग अंजूर फाट्यापर्यंत मी नावं घेत गेले आणि तो उत्तर देत आला. आमच्या लितानीला त्या रस्त्याचे खड्डे पुरून उरले.

आता घरी येऊन काही आठवडे झाले. उगाच चमत्कार झाला म्हणून सांगणार नाही. इनास अजून चहाला ‘पंखा’ म्हणतो, पण म्हणतो तरी. मॅडम म्हणाल्या, बघा, मी सांगितलं होतं ना, पाठ असलेलं आधी येतं. काकी म्हणते, देवाने त्याच्या तोंडात ठेवून दिलेलं होतं, वेळेला काढलं. मी दोघींनाही हो म्हणते. त्याची वाचा पूर्ण परत येईल की नाही, हे अजून कुणालाच सांगता येत नाही. मला त्याची भीती वाटते, नाही असं नाही. पण सकाळी उठते, भांडी घासते आणि परत देवावर टाकते. दुपारी पुन्हा उचललं तर दुपारी पुन्हा टाकते.

आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघं लितानी म्हणतो. मी, नाशिकची प्रोटेस्टंट, आता पुस्तक न बघता म्हणते. परवा माझ्या अंगात जरा खोडी आली. म्हटलं बघू, आणि मधली एक ओळ मुद्दाम गाळली. मला वाटलं, त्या दिवशीसारखा तो ती ओळ भरेल. त्याने भरली नाही. डोळे उघडले, माझ्याकडे चांगलं रोखून बघितलं. ओठ हलले, थांबले, परत हलले.

“चुकलीस,” तो म्हणाला.

सगळी लितानी मी दोनदा तपासून पाहिली. हा शब्द तिच्यात कुठेच नाही.