गाडी सपाटीला उभी आहे

हा फोटो छान आलाय म्हणून लाईक करू नका.

नीट बघा. मागे मावळतीचा डोंगर, पुढे आप्पांची जीप. चारही चाकं सपाट गवतावर.

सपाट. तेच तर.

आज लखूआप्पांना जाऊन वर्ष झालं. माझे सख्खे चुलते. कुडपण ते पोलादपूर वडाप चालवायचे, माणशी भाड्याची जीप. जीप वयाने माझ्याहून मोठी. मीटर तीन लाखांच्या पुढे कुठेतरी दमून थांबला, गाडी थांबली नाही.

माझं म्हणाल तर दहावीनंतर नुसती भटकंती. चार महिने महाडला गॅरेजात, मग गोवा, मग एका ट्रकवाल्याबरोबर पार राजस्थान. तिथे उंटाच्या दुधाचा चहा प्यालो. खारट लागतो. असो, तो विषय नाही.

तर त्या चार महिन्यांच्या जोरावर मी आप्पांना तेल शिकवायला गेलो.

आप्पा इंजिनात फक्त चाळीस नंबर टाकायचे. सिंगल ग्रेड. थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं. कुडपणची डिसेंबरची सकाळ, जुनी बॅटरी, स्टार्टर बिचारा दोन कण्हण्यांत गप्प.

"आप्पा, मल्टिग्रेड टाका. सकाळी गारठ्यात पण वाहतं आणि तापलं तरी फार पातळ होत नाय."

"तेलाला काय कळतंय रे, सकाळ झाली का दुपार?"

"कंपनी सांगते तसं."

"कंपनी काय कुडपणला राहते?"

काकू चुलीपाशी हसायला लागली. मग आप्पा जरा सरळ बोलले.

"एकदा टाकलेलं तसलं. इंजिन पार झिजलंय रे. घाट चढेस्तोवर मागं धूर नि पुढं तेलाची लाल लाईट डोळे मारतेय. गाडीत बारा माणसं. चाळीस नंबर हाय तर लाईट लागत नाय."

"आणि सकाळी चालू होत नाय त्याचं काय?"

"उतार हाय की."

हा त्यांचा इलाज होता. रोज संध्याकाळी जीप गावाबाहेरच्या उतारावर लावायची. तोंड पोलादपूरकडे, पुढच्या चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा, गाडी घरंगळली की दुसरा गिअर आणि क्लच सोडायचा. जीप एक हिसका द्यायची, खोकायची आणि सुरू. आत बाजाराला निघालेल्या बायका ओरडायच्या, "आली गो आली!" जशी काय कुणी अडलेली बाई सुटली.

मागच्या वर्षी कालच्याच तारखेला पोलादपूरहून निघताना आप्पा म्हणाले, "आज तू आण वर. माझे हात भरून आलेत."

मी खूश.

हात का भरून आलेत, ते विचारलं नाही.

वर पोचलो तर आभाळ असं रंगलेलं. आप्पांना घरी सोडलं आणि गाडी शाळेजवळच्या सपाटीला नेली. हा फोटो काढला. आता फोटो टाकायचा तर रेंज पाहिजे, म्हणून टेकाडावर गेलो. तिथे तीन काड्या. कमेंट वाचत बसलो. उतरलो तो थेट जेवायलाच.

"दगड लावलास काय रे?"

"लावलाय."

खोटं नव्हतं. दगड लावला होता. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.

उजाडताना काकूने हलवून उठवलं. "ऊठ रे, ह्यांना कसं होतंय बघ."

एवढ्या थंडीत आप्पा घामाने भिजलेले. हात छातीवर.

त्यांना उचलून नेऊन जीपच्या मधल्या सीटवर झोपवलं, डोळे मिटलेलेच होते. चावी फिरवली. घर्र. घर्र. टक.

गावातली धडधाकट माणसं मुंबईला. धक्का मारायला कोण? दोन म्हातारे, बाजाराला निघालेल्या तीन बायका आणि काकू. अनवाणी, दवाने ओल्या गवतात. उतारापर्यंत सगळी सपाटी, आणि मध्ये एक छोटासा चढ. एरवी दिसतही नाही तो. जीप तिथवर जायची आणि मागे यायची.

मी स्टिअरिंगवर. उतरलो तर गाडी धरणार कोण, आणि बसून तरी काय करणार.

मागून आप्पांचा आवाज आला. "कुठं लावलीस गाडी?"

"शाळेजवळ."

जीप परत चढाशी जाऊन मागे आली.

मग म्हणाले, "हां. पैला नको टाकूस. दुसरा टाक. रडतोस काय, पुढं बघ."

कितव्या धक्क्याला चढ पार झाला माहीत नाही. उतार लागला, क्लच सोडला, जीप खोकली, सुरू झाली.

"आली गो आली" कुणी म्हणालं नाही.

पूर्ण घाटात लाल लाईट एकदाही लागली नाही. आप्पांचं बरोबर होतं. मला ते त्यांना सांगायचं होतं. खालच्या वळणावर सांगितलं पण. मागून हूं आलं नाही.

डॉक्टरांना विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? म्हणाले, सांगता येत नाही.

किती वेळ गेला ढकलण्यात? मी म्हणतो अर्धा तास. काकू म्हणते, दहा मिनिटं पण नाय. काकू अजून एक म्हणते, "गाडी सपाटीला लावली म्हणून नाय रे गेले ते." मी न विचारताच म्हणते. वर्षभरात तीन-चार वेळा म्हणाली.

फोटो डिलीट करायला कितीदा काढला. होत नाही. कोपऱ्यात झूम केलं की चाकाखालचा दगड दिसतो. नीट लावलाय. अगदी आप्पांनी शिकवला तसा.

काल कुडपणला आलो. संध्याकाळी टेकाडावर गेलो नाही. हे आत्ता एकाच्या बाईकवर पोलादपूरला उतरून टाकतोय.

आप्पा, मोठे शब्द मला येत नाहीत. येतो म्हणायलाही तुम्ही थांबला नाहीत.

तेल चाळीस नंबरच आहे. गाडी वर कुडपणला उतारावर लावली आहे, तोंड पोलादपूरकडे. दगड लावलाय.

कुठे लावलाय ते पण सांगितलं. झोपा आता.